वर्षाची दोन पुस्तकं

पुण्याहून उल्का दोनच पुस्तकं घेऊन आली, आणि त्यावरून आप्पा तिच्याशी नाताळ येईपर्यंत तुटक बोलत होते.

डिसेंबर लागला की कुणीतरी पुण्याला पुस्तकं आणायला जायचं, ही शिरगावकरांच्या घरातली जुनी रीत होती. पूर्वी आप्पा स्वतः जात आणि पिशवी भरून आणत. ते हायस्कुलातून निवृत्त झाले, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि काम उल्काकडे आलं. ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, रत्नागिरीत आईवडिलांजवळच राहायची. तेव्हा दुसरं कोण जाणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"पिशवीभर मिळाली असती," ती आप्पांना म्हणाली. "हातात घेतली नि परत ठेवली."

"का?"

"निम्मी इंग्रजीवरून घाईघाईनं केलेली. वाक्य सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, पत्ता लागत नाही. उरलेली पातळ. आधी पाप, मग पश्चात्ताप, शेवटच्या पानावर संस्थेचा पत्ता."

"जुनी होती की!"

"जुनी चांगली आहेत, आप्पा. पण तुमच्या नातीला, ऋजुताला 'तदनंतर' कळत नाही. सुट्टीला आली की ती जांभया देते, मग तुम्ही रागावता, आणि शेवटची प्रार्थना तशीच रागात होते."

आप्पा उठून आगरात माडांना पाणी सोडायला गेले.

नियम आप्पांचाच होता. वर्षाला दोन पुस्तकं: एक देवाचं आणि एक जगाचं. रविवारी संध्याकाळी उपासना झाली की घरातल्या एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. जगाचं पुस्तक म्हणजे खरी माहिती देणारं, मग ते ताऱ्यांवरचं असो नाही तर शेतीवरचं. गोष्टी-कादंबऱ्या ज्याने त्याने आपापल्या वाचाव्यात. मुलं नोकरीला बाहेर गेली तेव्हा आप्पांनी नियम मोडला नाही, वाढवला. थोरला सलिल चिपळूणला पाटबंधारे खात्यात होता, धाकटा अनिश ठाण्याला. दोघांनी तीच पुस्तकं घ्यायची आणि रविवारी आपल्या घरात तीच पानं वाचायची. सलिल कंटाळत का होईना, वाचायचा. अनिश अलीकडे वाचत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निवड नाताळच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. ज्याला जे पुस्तक सुचवायचं असेल त्याने ते आणावं, एक पान वाचून दाखवावं, मग ठरवायचं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, उल्काच्या मनात पुस्तकांखेरीज आणखी एक गोष्ट होती. तिची आई, आनंदीबाई, दिवाळीपासून घरात पायमोजे घालून वावरत होती. रत्नागिरीत पायमोजे घालण्याइतकी थंडी कधीच पडत नाही. शिवाय स्वयंपाकघरातल्या डब्यात साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पाकिटं होती, ती संपतच नव्हती.

"आई, गोळ्या घेत नाहीस का तू?" उल्काने एकदा विचारलं होतं.

"मी आता बरी आहे गो. देवानं बरी केलीय." आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या, वर न बघता बोलल्या. "आणि हे सलिलला सांगत बसू नको. त्याची भार्गवी नर्स ना, लगेच सुया घेऊन येईल."

उल्काने कुणाला सांगितलं नाही. आई मनातलं बोलायची ती अनिशशी, फोनवर. या वेळी पहिल्यांदाच तिने काहीतरी फक्त उल्काला सांगितलं होतं, आणि ते मोडावंसं उल्काला वाटलं नाही.

*

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पडवीत बसले. सलिल, त्याची बायको भार्गवी आणि त्यांची सातवीतली ऋजुता चिपळूणहून आली होती. अनिश एकटाच आला होता. त्याची बायको बाळाला घेऊन नगरला माहेरी गेली होती. मधे करंज्यांचं ताट होतं. पाहुणे येऊन गेले होते, सगळ्यांची पोटं भरलेली होती आणि आवाज थोडे जड झाले होते.

"या वर्षी मी निवडणार नाही," आप्पा म्हणाले. "मी ऐकेन. ठरवा तुम्ही."

हे कुणाला अपेक्षित नव्हतं. सलिलने उल्काकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं.

आधी उल्काने वाचलं. तिने आणलेलं देवाचं पुस्तक म्हणजे एका मराठी ख्रिस्ती परिचारिकेचं आत्मकथन होतं. प्लेगच्या साथीत ती बाई गावाबाहेरच्या झोपड्यांत राहिली होती. रोग्यांचे कपडे नि अंथरुणं उकळून काढताना लांबून ख्रिस्ती देवळाची घंटा ऐकू यायची, आणि आपण रविवारची उपासना चुकवतो आहोत याची तिला टोचणी लागायची, असं त्या पानावर होतं. भाषा साधी होती. आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"ती शेवटी मरते का?" ऋजुताने विचारलं.

"नाही गं. म्हातारपणी लिहिलंय तिने हे."

"मग दुसरं कुणी मरतं का?"

"पुष्कळ."

"मग चालेल."

आप्पा हसले. परिचारिका जवळजवळ ठरल्यासारखीच होती, पण अनिशने खुर्ची पुढे ओढली.

"माझंही एक आहे."

त्याच्या हातात चकचकीत कव्हरचं पुस्तक होतं. भार्गवी त्याच्यासमोरच बसली होती. चिपळूणला एका खाजगी रुग्णालयात ती नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी फारसं बोलायची तिला सवय नव्हती. आपल्या दिराबद्दल तिला राग नव्हता. त्याची कंपनी बंद पडली त्या वर्षी त्याच्याकडे नातलगांपैकी कुणी फिरकलं नव्हतं, सलिलसुद्धा नाही. गेले होते ते ठाण्यातल्या, प्रार्थनेने आजार बरे होतात असं मानणाऱ्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीतले लोक. बाळ न्यूमोनियाने आजारी पडलं तेव्हाही तेच रात्रंदिवस बसून होते. त्यानंतर अनिश त्यांचा झाला, याचं भार्गवीला नवल वाटत नव्हतं.

अनिश वाचायला लागला. परदेशातल्या एका बाईची हकीकत होती. वर्षानुवर्षं आजारी असलेली ती बाई एका सभेला जाते, परत येताना पुलावर थांबते आणि औषधांच्या बाटल्या नदीत सोडून देते. अनिशचा आवाज चांगला होता. लहानपणापासून नाताळच्या नाटकात देवदूताचं काम त्याच्याकडे असायचं. पुलावरचा प्रसंग आला तेव्हा भार्गवीची नजर सहज सासूकडे गेली. आनंदीबाईंचे ओठ हलत होते. अनिश वाचायच्या आधी पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येत होता.

"पुढे?" सलिलने विचारलं.

"पुढे ती बरी झाली."

"किती दिवस?"

"दादा, तुला थट्टा करायची असेल तर—"

"थट्टा नाही. मी विचारतोय. बाटल्या टाकल्या, बरं. वर्षाने ती कशी होती? लिहिलंय का?"

"विश्वासाच्या पुस्तकात असले हिशेब नसतात."

"मग ते आपल्या घरात नको. या घरात पुस्तकाला प्रश्न विचारायची पद्धत आहे."

"या घरात," अनिश शांतपणे म्हणाला, "देवाला कुणी प्रत्यक्ष काही करू देत नाही. त्याच्याबद्दल वाचायचं, वही घेऊन बसल्यासारखं, आणि करंजी खायची."

ऋजुताने हातातली करंजी हळूच ताटात ठेवली.

"अनिश," आप्पा म्हणाले, "तुझं वाचून झालं?"

"झालं, आप्पा."

"मग भार्गवीला वाचू दे."

भार्गवीचं पुस्तक जगाच्या बाजूचं होतं. त्या बाजूला उल्काने कोकणातल्या जांभ्या दगडावरचं आणि मातीवरचं एक पुस्तक आणलं होतं, आणि त्यात चित्रं असल्यामुळे ऋजुता त्याच्या बाजूने होती. भार्गवीने आणलेलं होतं ते साखरेच्या आजारावरचं, एका मराठी डॉक्टरांनी रोग्यांसाठी लिहिलेलं. रुग्णालयात येणाऱ्या बायकांना ती त्यातली पानं वाचून दाखवायची.

"काय गो, नाताळात हे?" आनंदीबाई म्हणाल्या.

"एकच पान, आई."

तिने मुद्दाम कुठलं पान काढलं नव्हतं. खूण होती तिथे उघडलं. पायांबद्दलचा भाग होता. या आजारात हळूहळू पायाची जाणीव जाते, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि जखम आत आत जाते. म्हणून रोज रात्री पाय पाहावेत, तळवे दिसत नसतील तर आरसा घ्यावा, नाही तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावेत.

ती वाचत असताना आनंदीबाईंनी आपले दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

भार्गवी थांबली. दुपारी जेवताना तिला एक वास आला होता. सुकटीचा असेल, बाहेरून येत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तिने पुस्तक मिटलं आणि सासूच्या पुढ्यात खाली बसली.

"आई, मोजा काढते."

"नको. थंडी आहे."

"थंडी नाहीये."

"भार्गवी, नको म्हटलं ना!"

"आई, मी तुमची सून म्हणून बोलत नाही आता."

आनंदीबाईंनी एकदा अनिशकडे, एकदा उल्काकडे पाहिलं. मग पाय पुढे केला. मोजा सहज निघाला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्याला, बोटांच्या मुळाशी, खोल जखम होती. जुन्या लुगड्याची पट्टी त्यावर बांधलेली होती.

"कधीपासून?" भार्गवीने विचारलं.

"दिवाळीच्या आधी काहीतरी लागलं आगरात. शिंपला असेल. दुखत नाही गो, अजिबात."

"गोळ्या?"

आनंदीबाई मोज्याकडे हात नेऊ लागल्या.

"घेत नव्हती," उल्का म्हणाली. "दिवाळीपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. मला ठाऊक होतं."

सलिल उभा राहिला. "तुला ठाऊक होतं, आणि तू पुण्याला पुस्तकं बघत हिंडत होतीस?"

"जखमेचं ठाऊक नव्हतं. गोळ्यांचं होतं."

"आणि गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद झाल्या, ते सांग ना!" तो अनिशकडे वळला. "नदीत सोडल्या का आईने? का नुसत्या डब्यात ठेवल्या?"

अनिशचा चेहरा उतरला होता. "मी तिला गोळ्या बंद कर म्हणून कधी सांगितलं नाही."

"पुस्तक कुणी पाठवलं?"

"मी. पावसाळ्यात."

"मग झालं तर."

"ओरडू नका," भार्गवी म्हणाली. "गाडी काढा. आजच्या आज दाखवायला हवं. उद्यावर टाकलं तर बोटावर भागणार नाही."

"मी कुठेही येणार नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

आप्पा आता बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. शिकवताना बोलत तसे, नीट आणि सावकाश बोलले. "हे बघ. माझ्या आईचं आठव. तिचा तर गुडघ्याखाली पाय काढला. किती घाबरलो होतो सगळे! पण प्रभूनं धीर दिला, डॉक्टरांना यश आलं, आणि पुढे ती कितीतरी वर्षं जगली. आनंदात जगली."

आनंदीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं संसार करूनही हा माणूस अनोळखी निघावा, तशा बघत राहिल्या.

"तुमच्या आईचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. मग एक पाय उघडा, एका पायात मोजा, अशाच त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

*

पडवीत आता दोन तट उरले नव्हते. मघाशी परिचारिकेच्या बाजूने असलेले आप्पा, सलिल आणि उल्का एकमेकांकडे पाहत नव्हते. भार्गवी कुणालाच न विचारता पिशवी भरत होती. ऋजुता मात्र काकाजवळ जाऊन उभी राहिली होती, कारण त्याच्याशी कुणीच बोलत नव्हतं.

"तू जा आत," सलिल अनिशला म्हणाला. "तुझंच ऐकेल ती. तिला सांग, ते पुस्तक खोटं आहे."

"मी ते सांगू शकत नाही, दादा."

"का नाही?"

"कारण मला ते खोटं वाटत नाही."

"बघा!" सलिलने हात हवेत उडवले.

"पण मी जातो," अनिश म्हणाला.

दाराला कडी नव्हती, नुसतं ओढून घेतलेलं होतं. आनंदीबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आत वास स्पष्ट येत होता. अनिश तीन दिवस या घरात होता, आईच्या हातचं जेवत होता, आणि त्याला तो आला नव्हता. त्याला स्वतःची शरम वाटली. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"आता गेले तर," आनंदीबाई म्हणाल्या, "माझा विश्वास नव्हता असंच होईल ना रे?"

"असं कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे. ज्यांनी औषधांकडे मागे वळून पाहिलं, त्यांना मिळालं नाही. तू खूण करून दिली होतीस तिथे."

त्याने खूण केली होती, लाल शाईने. त्याला आठवलं.

"आणि बाळाचं बघ ना," त्या पुढे म्हणाल्या. "डॉक्टरांनी हात टेकले होते. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. उठलं की नाही लेकरू?"

अनिशने ही हकीकत कितीतरी वेळा सांगितली होती. ठाण्याच्या सभेत, मग पनवेलला, मग मोठ्या मैदानात मायक्रोफोनवर. दरवेळी लोक रडायचे. सांगता सांगता ती गुळगुळीत होत गेली होती. आधी औषधांची नावं गळाली, मग इंजेक्शनं देणारी केरळी नर्स गळाली, आणि एकदा कधीतरी, कुणी मुद्दाम काही न करता, डॉक्टरांनी हात टेकले.

"आई," तो म्हणाला, "डॉक्टरांनी हात टेकले नव्हते."

त्यांनी तोंड वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"कुणीच टेकले नव्हते. डॉक्टर दिवसातून कितीदा तरी यायचे. सलाईन होतं, ऑक्सिजन होता, एक इंजेक्शन लागू पडेना तेव्हा त्यांनी दुसरं सुरू केलं. आम्ही बाहेर बाकावर प्रार्थना करत होतो. खरी प्रार्थना करत होतो, आई, मी आयुष्यात तशी कधी केली नव्हती. पण आत ते काम करत होते, आणि एकाही औषधाला आम्ही नको म्हटलं नाही."

"मग तू मला फोनवर..."

"तसं सांगत गेलो. लोकांना तसं आवडायचं. मलाही."

बाहेर सलिलने गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुझ्या मुलाला औषध," त्या म्हणाल्या, "आणि मला लाल शाई."

त्यात राग नव्हता. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात तसं त्या बोलल्या. अनिशने मान खाली घातली. "हो," तो म्हणाला.

"चप्पल दे मला," आनंदीबाई म्हणाल्या. "नाही तर राहू दे. त्या पायात जाणार नाही."

त्याने आईला उचललं. ती त्याच्या अंदाजापेक्षा बरीच हलकी होती.

*

दोन बोटं गेली. पाय राहिला. भार्गवीने डॉक्टरांशी बोलून सगळ्यांना सांगितलं की आणखी थोडे दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत जावं लागलं असतं. हे तिने एकदाच सांगितलं, पुन्हा काढलं नाही. नवं वर्ष रुग्णालयातच लागलं. अनिशने ठाण्याला फोन करून रजा वाढवून घेतली. नव्या वर्षाच्या सभेत त्याला आपल्या अनुभवाची साक्ष द्यायची होती, ती दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. सलिल त्याच्याशी कामापुरतं बोलू लागला: डबा कोण आणणार, रात्री कोण थांबणार. दोघा भावांना एवढं बोलायची कित्येक वर्षांत वेळ आली नव्हती.

उल्काशी मात्र तो बोलत नव्हता. एकदा जिन्यात भेटले तेव्हा तीच थांबली.

"तू म्हणालास ते बरोबर होतं," ती म्हणाली. "पण तू दर पंधरा दिवसांनी फोन करतोस आणि आप्पांशी बोलून ठेवतोस. आईला फोनवर बोलाव असं एकदाही म्हणाला नाहीस. मला तिने सांगितलं ते त्यामुळे."

सलिल कठड्याला हात लावून उभा राहिला. मग तिच्या हातातली डब्याची पिशवी त्याने घेतली आणि वर चढू लागला.

रविवार आला. संध्याकाळी भेटायची वेळ होती. सगळे खाटेभोवती जमले, कुणी स्टुलावर, कुणी शेजारच्या रिकाम्या खाटेच्या कडेवर. आप्पांनी हळू आवाजात प्रार्थना केली. उल्काने पिशवीतून परिचारिकेचं आत्मकथन काढलं.

"ते राहू दे आज," आनंदीबाई म्हणाल्या.

"मग भार्गवीचं वाचू? पायांच्या पुढचं?"

"तेही वाचा. सगळं वाचा, आता मला कळायला हवंय. पण आज मी बोलणार आहे." त्यांनी उशीवर टेकून बसायला अनिशचा हात धरला. "तुमच्या सगळ्यांच्या मनात आहे, मी त्या पुस्तकामुळे गोळ्या सोडल्या. अनिशलाही तेच वाटतंय, म्हणून तो इथे रोज रात्री बसून असतो. तसं नाही झालं. पाय बिघडतोय हे मला आधीच दिसलं होतं. पावसाळ्यातच बोटं बधिर झाली होती. डॉक्टरकडे गेलं की कापणार, हे मी मनात धरलं. मग ज्यात जाऊ नको असं लिहिलंय, ते पुस्तक मी धरून बसले. अनिशनं दुसरं काही पाठवलं असतं तर त्यातही मी तेच शोधलं असतं."

"पण कापणारच असं तुला का वाटलं?" सलिलने विचारलं.

आनंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमच्या आईचा पाय काढला तेव्हा मी या घरात नवीन होते. तुम्ही शाळेत जायचात. जखम मी धुवायचे. त्या पुढे कितीतरी वर्षं जगल्या हे खरं आहे. आनंदात जगल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आप्पांनी मान वर केली.

"गेलेला पाय त्यांना दुखायचा. नसलेला पाय. रात्री मला उठवायच्या, म्हणायच्या, आनंदी, तळवा खाजव गो. कुठला तळवा खाजवू? मी चादरीवरून हात फिरवायचे, मग त्या झोपायच्या. एकदा मला म्हणाल्या, उंदराचं औषध कुठे ठेवलंयस ते मला ठाऊक आहे. मी ते विहिरीपलीकडे पुरून टाकलं. सकाळी तुम्ही उठलात तेव्हा त्या भजन म्हणत होत्या. तुम्ही तेवढं ऐकलंत. मग दरवर्षी तेवढंच सांगत आलात, मंडळीत, पोरांना, पाहुण्यांना."

"तू मला कधी बोलली नाहीस," आप्पा म्हणाले.

"तुम्ही इतकं छान सांगायचात." आनंदीबाईंनी पदर सारखा केला. "त्यांनाही ते ऐकायला आवडायचं. मग मी कशाला मधे बोलू?"

अनिश खाली बघत होता. आप्पांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. या मुलाच्या साक्षींना ते घरात कायम नाक मुरडत आले होते. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि स्टूल ओढून मुलाच्या जवळ सरकले. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. कुणी मागे घेतला नाही.

"आजी," ऋजुताने विचारलं, "तुला अजून भीती वाटते?"

"कापायची? आता कापून झालं ना."

"मग दुसऱ्या पायाची?"

भार्गवीने मुलीकडे डोळे वटारले. पण आनंदीबाईंना प्रश्न आवडलेला दिसला.

"वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून तो तू बघायचास. इथे आहेस तोवर रोज. आणि काही दिसलं तर मोठ्यानं सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

ऋजुता खाटेच्या पायथ्याशी गेली. तिने चादर बाजूला केली, आजीचा डावा पाय दोन्ही हातांत धरला, आणि अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट उघडून पाहू लागली. सगळे वाट पाहत थांबले.